डावीकडच्या खोल्या

१

झटका येऊन गेल्यापासून यशोदाबाईंच्या जगाला डावी बाजूच उरली नव्हती.

डावा हात आणि डावा पाय लुळा पडला होता, ते तर कुणालाही दिसत होतं. विचित्र होतं ते वेगळंच. ताटातली उजवीकडची भाजी-भाकरी त्या व्यवस्थित संपवायच्या, डावीकडची तशीच राहायची आणि म्हणायच्या, "रोहे, भाकर संपली बघ." रोहिणीनं ताट फिरवून दिलं की हरखून जायच्या. कुणी डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधत राहायच्या.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदूच त्या बाजूची दखल घेत नाही. अशा पेशंटचं होतं असं. वेळ लागेल."

म्हणून रोहिणीनं आईचा पलंग मुद्दाम असा लावला होता, की डावी बाजू भिंतीला अगदी टेकलेली आणि उजवी बाजू खोलीकडे. उजवीकडे तिची स्वतःची खुर्ची. जेल रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर दोघीच असायच्या. रोहिणीचा नवरा धम्मपाल ओझरच्या कारखान्यात कामाला. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो संध्याकाळीच परतायचा. रोहिणीनं शाळेतून लांबलचक रजा काढली होती. आंघोळ, गोळ्या, पेज, अंग पुसणं, कूस बदलणं. मग शौनक यायचा, व्यायाम करून घ्यायला.

हा शौनक पोरगेला होता, पण हाताचा हलका. एक दिवस आईची बोटं उघडत-मिटत तो म्हणाला, "मॅडम, चेंडू दाबून दाबून आजी कंटाळल्यात. दोन्ही अंगठे चालतील असं काहीतरी द्या त्यांना. मोबाइल नको. बटणं असलेलं. दाबलं की दाबल्याचं बोटाला कळलं पाहिजे."

रोहिणीला एकदम आठवलं, तसं काहीतरी माळ्यावर आहे.

२

ते तिच्या भावाचं, सनीचं. वडिलांचे एक मित्र आखातातून आले तेव्हा त्यांनी सनीला दिलेलं. तेव्हा सगळे एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायचे. वडील, सावळीराम, वीज केंद्रात बॉयलरवर होते. विटेएवढं राखाडी खोकं, मागे पेन्सिल सेल, पुढे शेवाळी रंगाचा चिमुकला पडदा. डावीकडे दिशेचं फुलीसारखं बटण, उजवीकडे उडी मारायचं. कॅसेट एकच. तिच्यात एक टोपीवाला माणूस. तो कट्ट्यांवरून चालायचा, खड्डे उडी मारून ओलांडायचा, शिड्या चढायचा, वटवाघळं चुकवायचा. जायचं ते फक्त उजवीकडे. चित्र पुढे सरकत राहायचं आणि मागे पडलेलं कायमचं गायब व्हायचं. मागे वळलं तर पडद्याची कड भिंतीसारखी आडवी यायची.

रोहिणीनं सेल घातले, कॅसेटच्या फटीत फुंकर मारली आणि बटण सरकवलं. पडदा उजळला, तीच जुनी पिपाणीसारखी धून वाजली. तिच्या अंगावर बारीकसा काटा आला, आनंदाचा.

"आई, ओळखतेस का हे?"

यशोदाबाईंचा अर्धा चेहरा हसला. "आरं, हा तर टोप्या!"

"तुला कसा माहीत?"

"तुम्ही शाळेत गेल्यावर दुपारभर काय करत व्हते मी?" यशोदाबाई सावकाश, जड जिभेनं म्हणाल्या. चांदवडकडची त्यांची बोली इतक्या वर्षांच्या कॉलनीतल्या वास्तव्यानंही पुसली नव्हती. "तुमचा बाप ड्युटीवर. दोरीवर धुणं घालावं तर वरून राख. मंग खिडक्या लावून बसायची अन् ह्याला पळवायची."

"म्हणजे सेल तू संपवायचीस! सनी माझ्याशी भांडायचा गं!"

"त्याला कशाला सांगायचं," यशोदाबाई म्हणाल्या, आणि आजारपणात पहिल्यांदाच खुदकन हसल्या.

३

पहिले काही दिवस दोघी मिळून खेळल्या. उजवा अंगठा आईचा, उडीच्या बटणावर. डावा अंगठाही आईचाच, पण त्याच्यावर रोहिणीचा. आईच्या निर्जीव अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून ती दिशेचं बटण दाबायची, टोप्या चालायचा. "मार उडी!" ती ओरडायची आणि यशोदाबाई उडी मारायच्या. बरेचदा टोप्या खड्ड्यात पडायचा. मग उतरत जाणारे चार सूर वाजायचे आणि दोघी हळहळायच्या.

रोहिणीला वाटायचं, आईशी इतकं जवळ आपण लहानपणीसुद्धा बसलो नव्हतो.

एका दुपारी तिच्या अंगठ्याखाली काहीतरी हललं. आईचा अंगठा. आधी किंचित, मग पुन्हा, जरा जोरात. रोहिणीनं हळूच आपला हात काढून घेतला. टोप्या चालत राहिला.

तिनं तिथूनच शौनकला फोन लावला. बोलताना तिला रडू फुटलं.

४

त्यानंतर यशोदाबाई एकट्याच खेळू लागल्या. स्वयंपाकघरात काम करताना रोहिणीला ती धून ऐकू यायची आणि बरं वाटायचं.

एक दिवस कणीक मळता मळता तिच्या लक्षात आलं, की धून बंद आहे. खेळ बंद नव्हता. टोप्याच्या पावलांचा बारीक आवाज येत होता, टप, टप, टप. पण धून नाही, वटवाघळं नाहीत, उड्या नाहीत. कुणीतरी लांबलचक बोळातून चालत असल्यासारखी नुसती पावलं.

ती कणकेच्या हातानंच खोलीत आली आणि आईच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली.

टोप्या डावीकडे चालला होता.

पडद्यावर कट्टे नव्हते, खड्डे नव्हते. खाली सपाट जमीन आणि मागे काळपट चौकोन, दारांसारखे. एकामागून एक दारं येत होती आणि उजवीकडे नाहीशी होत होती.

"आई, हा कुठे निघालाय?"

"मागं."

"मागे जाताच येत नाही ह्याच्यात."

"येतं की," यशोदाबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. "कुनी जात नाय, म्हनून."

आई झोपल्यावर रोहिणीनं तो खेळ स्वतः लावून पाहिला. सुरुवात झाल्या झाल्या तिनं डावीकडचं बटण दाबून धरलं. टोप्या कडेला जाऊन थांबला आणि जागच्या जागी पाय आपटत राहिला. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कड हलली नाही.

तिनं पुण्याला सनीला फोन केला.

"ताई, ती कॅसेट कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. गंजली असेल आतून," सनी म्हणाला. "काहीही दिसतं मग. आई खूश आहे ना?"

"खूश आहे रे."

"मग झालं तर."

ते पटण्यासारखंच होतं. फक्त एक गोष्ट रोहिणीच्या मनातून जाईना. ज्या बाईला डावी बाजू ठाऊकच नाही, ती अख्खी दुपार डावीकडे चालतेय.

५

ताटातली उजवीकडची भाकरी तशीच राहिलेली पाहिली, तेव्हा रोहिणीला आधी कळलंच नाही की काय चुकलंय. डावीकडची वाटी चाटूनपुसून साफ होती.

"आई," तिनं खुर्चीवरून हाक मारली.

यशोदाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "आले, आले," त्या भिंतीला म्हणाल्या.

शौनकनं तपासलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. डावा हात चांगला पकडत होता. उजवा, आजवर धडधाकट असलेला, गादीवर नुसता पडून होता. "असं बाजू बदलून... मी कधी पाहिलं नाही," तो पुटपुटला. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन करायला लावला. मेंदूतली जखम होती तिथंच होती, तेवढीच होती. डॉक्टरांनी गोळी बदलली.

"अगं, लुळा हात हलायला लागला, ही सुधारणाच नाही का?" धम्मपाल म्हणाला. तो समजूत घालत होता, पण सासूच्या खोलीत जाताना आता त्याची पावलं दारातच घुटमळायची. "मामी, कशा आहात?" तो विचारायचा. यशोदाबाई ऐकायच्या नाहीत. तो उजवीकडे उभा असायचा.

रोहिणीची खुर्चीही उजवीकडेच होती. तिनं तिथं बसून आईचा हात हातात घ्यावा, केस विंचरावेत, आणि आईला त्याचा पत्ताच नसावा. पलंग फिरवून पाहिला तर यशोदाबाई इतक्या आक्रंदल्या, की शेजारच्या अंबूबाई धावत आल्या. पलंग पुन्हा होता तसा लावावा लागला.

आता त्या बोलायच्या ते भिंतीशी. हळू आवाजात, पाहुणीला आग्रह करावा तसं. "बस. बस ना. कशाला उठतीस? पोरीचं काय घेऊन बसलीस, तिला कामं हायेत."

रोहिणी दाराआड उभी राहून ऐकायची. म्हातारपणी भास होतात, तिनं स्वतःला सांगितलं. औषधांनीही होतात. तिनं शाळेत पोरांना शिकवलं होतं, की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. ती कारणं मोजत राहायची आणि आतून टप, टप ऐकू यायचं.

६

एकदा यशोदाबाई खेळात इतक्या गढून गेल्या होत्या, की रोहिणी पलंगावर चढून त्यांच्या मागे बसली तरी त्यांना कळलं नाही. तिनं आईच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं.

बाहेर भर दुपार होती. खाली कांदेवाला हातगाडी घेऊन ओरडत होता.

पडद्यावरचा माणूस एका दारासमोर थांबला होता. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. आत खोली होती. ठिपक्याठिपक्यांची, शेवाळी रंगाच्या चार छटांची. तरी रोहिणीला कळलं, की तो पलंग आहे आणि तो भिंतीला टेकलेला आहे. पलंग आणि भिंतीच्या मधे, जिथं बोटभर जागा नसते तिथं, कुणीतरी बसलं होतं.

त्या खेळातली प्रत्येक वस्तू सतत हलायची. वटवाघळं थांबली तरी पंख उघडझाप करायची. टोप्या उभा असला तरी त्याची छाती वरखाली व्हायची. हे जे बसलं होतं ते जराही हलत नव्हतं.

रोहिणी नीट दिसावं म्हणून अजून वाकली.

तेव्हा त्यानं डोकं वर केलं. टोप्याकडे नाही. वर, बाहेर, ती वाकली होती तिकडे.

रोहिणीनं ते खोकं आईच्या हातातून हिसकावलं, मागचं झाकण उपटलं. सेल घरंगळत पलंगाखाली गेले. पडदा विझला.

यशोदाबाई ओरडल्या नाहीत. रिकाम्या ओंजळीत त्यांचे अंगठे हलत राहिले. आणि टप, टप, टप तो आवाज थोडा वेळ चालूच राहिला. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल, असं रोहिणीनं मनाशी म्हटलं. मग तिनं भिंतीला कान लावला, आणि लगेच काढून घेतला.

७

त्यानंतर यशोदाबाईंनी अन्न सोडलं. तोंड भिंतीकडे करून पडून राहायच्या. पाणी पाजलं तर ओघळून जायचं. डॉक्टर म्हणाले, "दवाखान्यात आणायचं म्हणत असाल तर आणा. पण करण्यासारखं फार काही दिसत नाही."

रोहिणी त्या खुर्चीवर बसून रडली. आई दिसत होती, हाताला लागत होती, आणि तिच्या जगात रोहिणी नावाची मुलगीच नव्हती. मग तिच्या मनात आलं, आई तिकडे चालत चालत गेली ना? आपण मधेच दिवा मालवला आणि ती तिकडेच राहिली. मग तिला चालवतच परत आणली पाहिजे. विचार वेडगळ होता, हे तिला कळत होतं. पण दुसरा कुठलाच विचार उरला नव्हता.

तिनं सेल शोधून पुन्हा घातले. आईला उशीला टेकवून बसवलं, खोकं तिच्या हातात दिलं आणि तिच्या डाव्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला, सुरुवातीला ठेवायची तसाच.

पडदा उजळला. सुरुवातीचं चित्र आलंच नाही. तोच बोळ, तेच दार.

रोहिणीनं उजवीकडे दाबलं.

आईचा अंगठा तिच्या अंगठ्याखाली दगडासारखा झाला. थंड आणि ताठ. तो डावीकडे रेटत होता. "सोड," यशोदाबाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या. "सोड, नको." रोहिणीनं दुसऱ्या हाताचा जोर लावला. टोपी नसलेला तो माणूस एकदाचा वळला. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. दारं डावीकडे सरकू लागली. रोहिणीच्या मनगटातून कळा येत होत्या, पण तिनं दाब कमी केला नाही. "चल आई, चल, आलंच," ती म्हणत राहिली. त्या माणसाच्या पावलांच्या आवाजात मधूनच दुसरी पावलं मिसळत होती, जरा मागून. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

मग एकदम धून वाजली. पहिला कट्टा, पहिली शिडी. टोप्या उभा होता, डोक्यावर टोपी घेऊन.

यशोदाबाईंनी मान वळवली. उजवीकडे. तिच्याकडे.

"रोहे," त्या म्हणाल्या. "तू हिथंच व्हतीस व्हय?"

रोहिणीनं त्यांना मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. सोडलं तेव्हा तिची नजर पडद्यावर गेली. पडद्याच्या डाव्या कडेपाशी, जिथं काही असू शकत नाही, तिथून काहीतरी आत आलं. चार-पाच ठिपके. बोटं असावीत असे. कड धरून.

पडदा आपणच विझला.

८

"का आणलंस मला?" यशोदाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. जीभ अजिबात अडखळत नव्हती. "मी बसवून ठिवलं व्हतं ना तिला."

"कुणाला, आई?"

"पहिल्यांदा गेले ते सहज गेले. बघावं म्हनून. लय खोल्या हायेत तिकडं, समद्या रिकाम्या. एकीत ती बसल्याली. मला म्हनली, तुझ्या संगं येते. कशी आनू गं घरात? मंग रोज जायची, तिच्याशी बोलत बसायची. बोलत असलं की ती उठत नाय."

"आई, ते सगळं त्या खेळातलं..."

"बघू नको तिकडं."

रोहिणीनं पाहिलं होतं. पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला, जिथं भिंत गादीला भिडलेली होती, तिथं गादी दबत होती. सावकाश. जड बाई दमून भागून बसावी तशी. चादरीच्या सुरकुत्या त्या खळग्याकडे ओढल्या गेल्या.

यशोदाबाई थोड्याशा खोलीच्या बाजूला सरकल्या. जागा करून देत होत्या. मग त्यांनी डावा हात तिकडे नेला आणि हवेत काहीतरी घट्ट पकडलं.

"धरलंय मी," त्या म्हणाल्या. "तू जा. धम्मपाल येईस्तोवर खालीच थांब."

"मी तुला सोडून नाही जाणार."

"माय म्हनतीस ना मला? मंग जा."

त्यांनी एकदा तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं आणि गोड, आर्जवी आवाजात म्हणाल्या, "हां, तर काय सांगत व्हते मी..."

रोहिणी जिना उतरून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पायात चपला नाहीत, हे तिला अंबूबाईंनी विचारलं तेव्हा कळलं.

९

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. यशोदाबाई त्यानंतर कधी उजवीकडे वळल्या नाहीत, शब्दही बोलल्या नाहीत. नुसते ओठ हलायचे, अखंड, झोपेतसुद्धा. नळीतून अन्न जात होतं म्हणून त्या होत्या.

खोकं आणि कॅसेट धम्मपालनं हातोडीनं फोडून कचऱ्यात टाकली. त्यानं काही फरक पडला नाही.

डावी मूठ मात्र कुणाला समजली नाही. ती पूर्ण मिटलेली नव्हती. मनगट धरावं तशी बोटं वळलेली होती आणि मधे पोकळी. शौनकनं ती उघडायचा प्रयत्न केला, तेल लावून, शेकून. "आत काहीच नाहीये, तरी बोटं दाबतायत," तो म्हणाला. त्यानंतर तो त्या मुठीला हात लावायचा नाही.

रोहिणी रोज दुपारी आपल्या खुर्चीवर बसायची. आईला ती दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. तरी ती बसायची. आई कामात आहे, एवढं तिला माहीत होतं.

पावसाळा सरला. द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू झाल्या त्या सुमाराला यशोदाबाईंचा श्वास अडकू लागला. सनी पुण्याहून आला. भर दुपारी, सनी आणि धम्मपाल बाहेर हलक्या आवाजात बोलत असताना, रोहिणी आईचं कपाळ पुसत होती आणि ओठ हलायचे थांबले.

तिनं कुणाला हाक मारली नाही. ती त्या डाव्या हाताकडे बघत होती.

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक करून सगळी बोटं सैल झाली आणि हात चादरीवर उताणा पडला.

भिंतीकडचा गादीतला खळगा हळूहळू वर येऊ लागला. कुणीतरी उठत होतं.

बाहेर सनी कशाला तरी "हो, हो" म्हणत होता. रोहिणी आईच्या अंगावरून वाकली. हात लांब करून तिनं भिंत आणि गादीच्या मधल्या त्या जागेत नेला आणि बोटं मिटली. काहीतरी थंडगार हाताला लागलं.

"बसा ना," ती म्हणाली. तिनं पकड घट्ट केली. "चहा टाकलाय."

गादी वर यायची थांबली.